वाचकांचे प्रश्न : शुल्क बोटीला नाही, मालाला लागतं

अमेरिका आणि चीन यांच्या ओढाताणीत दोन्हीकडे पाय असलेल्या कंपन्यांत काम करणाऱ्या वाचकांची पत्रं सध्या वाढली आहेत. बऱ्याच पत्रांत आजचा दर विचारलेला असतो. दर सारखा बदलतो, आणि तो तुमचा कस्टम्स ब्रोकर एका फोनवर सांगेल. पण आपल्या मालात काय काय आहे, ते कुठे बनलं आणि ते बनवणाऱ्या कंपनीचा मालक कोण, ही माहिती तुमच्याच फायलींत असावी लागते. बहुतेक कंपन्या नेमक्या तिथेच अडकतात. म्हणून या वेळी त्याच अंगानं आलेली पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : आमचा कारखाना चीनमध्ये आहे, छोटे इलेक्ट्रिक पंप बनवतो. अमेरिकेतला ग्राहक म्हणतो, जुळणी मेक्सिकोत हलवा म्हणजे चीनवरचं २५ टक्के शुल्क सुटेल. मोटर, इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) आणि सर्किट चीनमधूनच येईल. बॉडीत बसवणं, टेस्टिंग आणि पॅकिंग मेक्सिकोत होईल. एवढ्यावर भागेल का?

बहुधा नाही भागणार, आणि हे जागा भाड्यानं घेण्याआधी कळलेलं बरं.

चीनवरचं हे शुल्क, म्हणजे अमेरिकेच्या व्यापार कायद्यातल्या कलम ३०१ खालचं शुल्क, ६ जुलै २०१८ ला सुरू झालं. पहिल्या यादीत ३४ अब्ज डॉलरचा माल होता, दर २५ टक्के. हे शुल्क चीनमध्ये घडलेल्या मालावर आहे. तो शांघायच्या बंदरातून निघो की मेक्सिकोतून ट्रकनं सीमा ओलांडो, शुल्क त्याच्यासोबत येतं. अमेरिकी कस्टम्स एवढंच पाहतं की शेवटच्या देशात मालाचं रूप खरोखर पालटलं का, म्हणजे नाव, स्वरूप आणि वापर या अंगांनी नवी वस्तू तयार झाली का. पंपासाठीच बनलेली मोटर आणि पंपासाठीच बनलेला इम्पेलर एकत्र करून स्क्रू पिळले, तर त्या भागांचा वापर चीनमध्येच ठरलेला होता असं कस्टम्स म्हणणार.

यात एक खाच आहे आणि तिथे मुरलेली माणसंही ठेचकाळतात. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या करारात तुमचा पंप बसत असेल, तर नेहमीचं आयात शुल्क शून्य होतं. डब्यावर 'मेड इन मेक्सिको' छापायचीही मुभा मिळू शकते. तरीही कलम ३०१ साठी तोच पंप चिनी ठरू शकतो, कारण तिथे कराराचे नियम लागत नाहीत, रूप पालटण्याची कसोटीच लागते. चिनी भागांपासून मेक्सिकोत जुळवलेल्या मोटरींबद्दल अमेरिकी कस्टम्सनं २०१८ मध्येच असा निर्णय दिला आहे. एकाच वस्तूला एकाच कागदावर दोन मूळ देश, हे विचित्र वाटतं, पण नियम तसा आहे.

आता करायचं काय? आधी बीओएम, म्हणजे सुट्या भागांची पूर्ण यादी, समोर घ्या. प्रत्येक ओळीला पाच रकाने लावा: भाग, तो प्रत्यक्ष जिथे बनतो त्या कारखान्याचा पत्ता, एचएस कोड (कस्टम्सचा वर्गीकरण क्रमांक), किंमत आणि त्यावर तुमच्याकडे होणारं काम. बिल पाठवणाऱ्याचा पत्ता चालणार नाही. सिंगापूरच्या ट्रेडिंग ऑफिसचं बिल आणि ग्वांगडाँगमधला कारखाना, ही जोडी नेहमी दिसते. समजा, पंपाची कारखान्यातली किंमत ४० डॉलर आहे. त्यात मोटर १६, इम्पेलर आणि केसिंग ७, सर्किट ६, केबल, सील आणि स्क्रू ४, मजुरी, टेस्टिंग आणि पॅकिंग ७. तुमच्या बेतात २९ डॉलरचे मुख्य भाग चीनचेच राहतात. टक्केवारी ही कसोटी नाही, तरी अशी विभागणी पाहिल्यावर अधिकारी कुठल्या दिशेनं विचार करेल ते स्पष्ट दिसतं. मोटरच मेक्सिकोत बनवली, म्हणजे पत्र्याच्या लॅमिनेशन रचून तार गुंडाळणं, वॉर्निश भाजणं, रोटर ओतणं, शाफ्ट घासणं आणि बॅलन्सिंग तिथे केलं, तर बाजू खूपच भक्कम होते.

मग मशिन घेण्याआधी कस्टम्सकडून आगाऊ बंधनकारक निर्णय मागा. त्याला फी नाही. साधं प्रकरण साधारण ३० दिवसांत निघतं, गुंतागुंतीचं मुख्यालयाकडे जातं आणि तिथे जास्त वेळ लागतो. अर्जात बीओएम, फोटो, कामाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला लागणारी मिनिटं, लागणारी यंत्रं, कौशल्य आणि देशवार खर्च द्या. 'मुख्य काम मेक्सिकोत होतं' असं मोघम वाक्य लिहिलंत तर निर्णयही मोघम येईल, किंवा अर्ज परत येईल.

बिघडतं ते नंतर. निर्णय ज्या पद्धतीवर मिळाला तेवढ्याच पद्धतीला तो लागू असतो. वाइंडिंगचं मशिन बंद पडलं म्हणून तीन आठवडे चीनहून तयार स्टेटर (मोटरचा तार गुंडाळलेला स्थिर भाग) मागवले, की त्या तीन आठवड्यांच्या मालाला निर्णयाचं कवच उरत नाही. म्हणून असा बदल खरेदी विभागाला कस्टम्सच्या माणसाच्या सहीशिवाय करता येऊ नये, अशी अडवणूक सिस्टिममध्येच बसवा.

जागा बदलण्याचं कारण तुम्ही कुठे आणि कसं लिहिता, यालाही वजन आहे. हार्ले-डेव्हिडसनचं उदाहरण प्रत्येक निर्यात विभागानं वाचावं असं आहे. २०१८ मध्ये युरोपीय संघानं अमेरिकी मोटारसायकलींवरचं शुल्क ६ वरून ३१ टक्क्यांवर नेलं. एका गाडीमागे सरासरी २,२०० डॉलरचा भार पडेल, तो टाळण्यासाठी युरोपसाठीचं उत्पादन अमेरिकेबाहेर हलवू आणि त्याला किमान ९ ते १८ महिने लागतील, असं कंपनीनं २५ जून २०१८ ला अमेरिकी शेअर बाजार नियामकाकडे लेखी कळवलं. पुढे थायलंडमधल्या कारखान्यातून गाड्या जाऊ लागल्या आणि बेल्जियमच्या कस्टम्सनं त्यांना थाई मूळ मान्यही केलं. युरोपीय आयोगानं २०२१ मध्ये तो निर्णय रद्द करवला. शुल्क चुकवणं हाच स्थलांतराचा मुख्य हेतू असेल तर ते काम आर्थिकदृष्ट्या समर्थनीय धरायचं नाही, असा युरोपचा नियम आहे, आणि पुरावा म्हणून कंपनीचं तेच निवेदन पुढे आलं. न्यायालयातही कंपनी हरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोटं कारण लिहा असा याचा अर्थ नाही. मजुरी, ग्राहकाची जवळीक, वाहतुकीचे दिवस, दुसरा पुरवठादार असण्याची गरज, ही कारणं खरोखर असतील तर त्यांचे आकडे निर्णयाच्या दिवशीच्या टिपणात असू द्या. आणि शुल्क सोडलं तर दुसरं कारणच सापडत नसेल, तर तो प्रकल्प युरोपसाठी धोक्याचा आहे हे संचालकांना स्पष्ट सांगा.

एक व्यवहाराची बाब राहिली: मोल्ड, म्हणजे भाग बनवायचे साचे. कारखाना हलवताना अनेकांना गेटवर कळतं की मोल्डचे पैसे आपण दिले, पण मालकीचा कागद नाही. आजच प्रत्येक मोल्डवर क्रमांकाची पट्टी ठोका, फोटो काढा आणि पुरवठादाराची 'हा मोल्ड अमुक कंपनीचा' अशी शिक्क्यासह सही घ्या. मोल्ड निघण्याआधी प्रवास, बसवणं आणि नमुने मंजूर होणं एवढ्या काळाला पुरेल असा सुट्या भागांचा साठा करून ठेवा. सहा-आठ आठवडे सहज जातात. नातं बिघडल्यावर हे काहीच मिळत नाही.

प्रश्न : अमेरिकी ग्राहक वाढलेल्या शुल्कातला अर्धा वाटा आम्ही उचलावा म्हणतो, शिवाय 'इनव्हॉइस थोडं कमी लावा' असंही सुचवतो. कायदेशीरपणे शुल्क कमी करायचे मार्ग कोणते?

भाव उतरवून खरोखर कमी पैसे घेणार असाल, तर कमी इनव्हॉइस पूर्णपणे कायदेशीर आहे. इनव्हॉइस ८० चं, आणि २० डॉलर 'डिझाइन सल्ला' म्हणून वेगळ्या खात्यात, ही मात्र फसवणूक आहे. निष्काळजीपणा ठरला तरी दंड बुडालेल्या शुल्काच्या दुपटीपर्यंत जातो, गंभीर निष्काळजीपणाला चौपटीपर्यंत आणि फसवणुकीला मालाच्या अमेरिकेतल्या पूर्ण किमतीइतका. कागद पाच वर्षं जपायचे असतात, तेवढ्या काळात कोणीतरी बोलतंच.

सरळ मार्ग आहेत. तुमचा माल कारखाना, मधली ट्रेडिंग कंपनी आणि अमेरिकी आयातदार असा जात असेल, तर पहिल्या विक्रीच्या किमतीवर शुल्क भरता येतं. १९९२ च्या निश्शो इवाई खटल्यानंतर ही वाट पक्की झाली. कारखान्यानं ७० ला विकलं आणि ट्रेडिंग कंपनीनं १०० ला, तर २५ टक्क्यांनी शुल्क २५ ऐवजी साडेसतरा डॉलर येतं. अटी तीन: ती विक्री खरी असावी, भाव हातमिळवणीचा नसावा, आणि कारखान्यातून निघतानाच माल अमेरिकेसाठी आहे हे ठरलेलं असावं. ऑर्डर, इनव्हॉइस आणि पैसे भरल्याच्या नोंदी दोन्ही टप्प्यांच्या लागतात. इथेच गाडी अडते, कारण ग्राहकाला कारखान्याचा भाव दिसू नये असं ट्रेडिंग कंपनीला वाटतं. मग ते कागद थेट कस्टम्स ब्रोकरकडे किंवा वकिलाकडे देण्याची सोय करारात लिहून ठेवावी लागते.

दुसरं म्हणजे इनव्हॉइस फोडून लिहा. अमेरिकेत समुद्री भाडं आणि विमा प्रत्यक्ष खर्चाइतका वेगळा दाखवला तर त्यावर शुल्क लागत नाही. युरोपात सीमेपर्यंतचं भाडं आणि विमा किमतीत धरला जातो, तिथे ही सवलत शोधू नका. डीडीपी अटीवर, म्हणजे घरपोच आणि शुल्कासकट विकत असाल, तर शुल्काची रक्कमही वेगळी दाखवा. नाहीतर शुल्कावर शुल्क भराल.

डीडीपी विकणाऱ्यांना आमचा आणखी एक आग्रहाचा इशारा. तुम्ही परदेशी कंपनी असून आयातदार म्हणून नोंदलेले असाल, तर तुमचा कस्टम्स बाँड, म्हणजे शुल्क भरलं जाईल याची हमी, तपासा. वर्षभर चालणारा बाँड मागच्या १२ महिन्यांत भरलेल्या शुल्क-करांच्या १० टक्के, आणि किमान ५०,००० डॉलरचा असतो. वर्षाला २ कोटी डॉलरचा माल आणि शुल्क अडीच टक्के असेल, तर शुल्क ५ लाख आणि बाँड ५०,००० चा. त्यावर २५ टक्के वाढले की शुल्क ५५ लाख होतं आणि बाँड साडेपाच लाखांच्या पुढे जातो. बाँड अपुरा पडल्याची नोटीस आली आणि वेळेत वाढवला नाही, तर माल बंदरात उभा राहतो. बाँड देणारी विमा कंपनी तारणही मागते, म्हणजे खेळत्या भांडवलाला चिमटा बसतो. शुल्क वाढल्याची बातमी वाचली त्याच दिवशी हे गणित मांडा.

शुल्काचा वाटा उचलायचाच असेल तर तो करारात असा बांधा: मूळ दर आणि त्याची तारीख, त्यावर ५ टक्के बिंदूंपर्यंतची वाढ कोणाची, पुढची कशी वाटायची, आणि अमुक बिंदूंच्या पुढे दोघांनाही ३० दिवसांत ऑर्डर रद्द करायची मुभा. शेवटची ओळ परताव्याची, आणि हीच बहुतेक करारांत नसते. कलम ३०१ च्या पहिल्या फेऱ्यांत अमेरिकी सरकारनं काही वस्तूंना मागच्या तारखेपासून सूट दिली. परतावा गेला तो आयातदार म्हणून नोंद असलेल्याला. भाव उतरवून भार सोसलेल्या पुरवठादाराला करारात ओळ नसेल तर मागायला तोंड राहत नाही.

आयातदार ही तुमचीच उपकंपनी असेल, तर एक धागा आणखी आहे. इनव्हॉइस उतरवलं की निर्यात करणाऱ्या देशाचं आयकर खातं विचारतं, नफा तिकडे का ढकलला? कस्टम्सला किंमत जास्त हवी असते ती आयातीच्या देशात, आयकराला जास्त हवी असते ती निर्यातीच्या देशात, आणि आयातीच्या देशातल्या आयकराला कमी. ट्रान्सफर प्रायसिंगचं, म्हणजे आपल्याच कंपन्यांमधल्या भावाचं, धोरण आधी बदला, तारीख टाका, आणि मग इनव्हॉइस बदला. उलट क्रमानं केलं तर दोन्हीकडून नोटीस येते.

प्रश्न : आमच्या सर्व्हो मोटरसाठी लागणारे चिनी मॅग्नेट परवान्यात अडकतात. पर्याय काय?

४ एप्रिल २०२५ ला चीननं सात दुर्मिळ मृदा धातूंवर निर्यात परवाना लावला: समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम. त्यांच्यापासून बनलेले मॅग्नेटही त्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात फोर्डला शिकागोचा कारखाना आठवडाभर थांबवावा लागला होता.

पहिलं काम खरेदी विभागाचं नाही, डिझाइनचं आहे. नियोडिमियम आणि प्रासिओडिमियम त्या यादीत नाहीत. मॅग्नेट अडकतो तो उष्णता सोसण्यासाठी घातलेल्या डिस्प्रोसियम किंवा टर्बियममुळे. ग्रेडच्या शेवटची अक्षरं पाहा: काही नसेल तर साधारण ८० अंश सेल्सियस, एम १००, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०, ईएच २००. आता तुमची मोटर पूर्ण भारावर खरोखर किती तापते ते थर्मोकपल लावून मोजा. पुष्कळ ठिकाणी ११० अंशांपर्यंत जाणाऱ्या मोटरला यूएच ग्रेड लावलेला सापडतो, कारण वर्षांपूर्वी कोणीतरी सुरक्षित म्हणून तो निवडला आणि पुढे कोणी विचारलंच नाही. ग्रेड उतरवता आला, थंडावा सुधारता आला किंवा चुंबकीय सर्किट थोडं बदलता आलं, तर डिस्प्रोसियम-टर्बियमशिवायचा मॅग्नेट चालतो आणि परवान्याचा प्रश्न मिटतो. मात्र त्यासोबत प्रत्येक बॅचच्या रासायनिक तपासणीचा अहवाल मागा. सप्लायरनं भंगारातून केलेल्या कच्च्या मालात डिस्प्रोसियमचा अंश आला तर चिनी कस्टम्स माल थांबवू शकतं.

तीन सापळे आहेत. समॅरियम-कोबाल्टकडे वळावं असं वाटतं, पण समॅरियम त्याच यादीत आहे. कणांच्या कडांवर डिस्प्रोसियम मुरवण्याच्या पद्धतीनं त्याचं प्रमाण खूप घटतं, परवाना मात्र लागतोच. फेराइट निर्धोक आहे, पण त्याची चुंबकीय ऊर्जा नियोडिमियमच्या साधारण दहावा हिस्सा असते. मोटर मोठी आणि जड होते, सर्व्होला ते सहसा परवडत नाही. पंख्याला, पंपाला चालतं.

परवाना मागायचाच असेल तर अर्ज चीनमधला निर्यातदार करतो, तुम्ही नाही. तुम्ही द्यायचं ते अंतिम वापरकर्त्याचं आणि वापराचं प्रमाणपत्र. छाननीची मुदत ४५ कामकाजाचे दिवस आहे, आणि ती अर्ज दाखल करून घेतल्यावर सुरू होते. त्रुटी निघून अर्ज परत गेला की घड्याळ पुन्हा शून्यावर. त्रुटी निघतात त्या नेहमीच्याच: प्रमाणपत्रावरचं कंपनीचं नाव करारावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळत नाही, वजन किलोत आणि करारात नगांत लिहिलंय, किंवा मॅग्नेट मोटर बनवणाऱ्याकडे जातो पण मोटर पुढे कोणाच्या यंत्रात बसते ते दिलेलं नाही. मोटर पुढे संरक्षण क्षेत्रात जात असेल तर परवान्याच्या भरवशावर योजना आखू नका. आणि छाननीत मागितलेले फोटो, ड्रॉइंग पाठवण्याआधी त्यातलं व्यापारी गुपित काय आहे ते डिझाइनच्या माणसाला दाखवून झाका.

चीननं ९ ऑक्टोबर २०२५ ला याहून कडक नियम जाहीर केले होते. ते १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित आहेत. एप्रिलची सात धातूंची यादी त्या स्थगितीत नाही. या दोन गोष्टींची गल्लत बातम्यांतही होते.

प्रश्न : आमच्या कापड व्यवसायात इकडे आड तिकडे विहीर झाली आहे. अमेरिका चीनच्या शिनजियांग प्रांतातला कापूस नको म्हणते, आणि तो नाकारला की चीन शिक्षा करतो. चीनमधल्या ऑफिसनं काय लिहावं, काय लिहू नये?

दोन्ही कायदे खरे आहेत आणि दोन्ही लागू होतात. अमेरिकेचा उइघुर सक्तमजुरी प्रतिबंध कायदा २१ जून २०२२ पासून अमलात आहे. शिनजियांगचा धागा असलेला माल सक्तमजुरीचाच आहे असं तो गृहीत धरतो, तसं नाही हे सिद्ध करणं आयातदाराकडे. चीनचा परकीय निर्बंधविरोधी कायदा १० जून २०२१ चा. शिवाय 'अविश्वसनीय संस्थां'ची यादी आहे. कॅल्विन क्लाइन आणि टॉमी हिलफिगर या ब्रँडांची मालक पीव्हीएच कंपनी, शिनजियांगच्या मालावर अन्याय्य बहिष्कार घातल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीत आली आणि ४ फेब्रुवारी २०२५ ला त्या यादीत गेली.

कापूस कुठला हे पुराव्यानं दाखवणं आणि अमुक प्रांतावर बहिष्कार जाहीर करणं, या दोन कृती वेगळ्या ठेवा. पुरवठादाराला पाठवायच्या प्रश्नावलीत 'तुम्ही शिनजियांगचा कापूस वापरत नाही याची हमी द्या' असं वाक्य घालू नका. 'या लॉटच्या कापसाचा मूळ देश, जिनिंगची जागा, गाठींचे क्रमांक, सूतगिरणी आणि विणकामाच्या नोंदी द्या' असं विचारा. अमेरिकेच्या ऑर्डरींसाठी ऑर्डरीतच ठरावीक देशाचा कापूस लिहा, जसा धाग्याचा काउंट लिहिता तसा. चीनच्या बाजारासाठीचा माल वेगळ्या साखळीतून बनवा. पण गोदाम एक आणि लेबल वेगळं असं केलंत तर पहिल्याच तपासणीत उघडं पडेल. सूतगिरणीतल्या शिल्लक सुताचा हिशेब तपासनीस आधी मागतात.

माल अडवल्याची नोटीस आली की ३० दिवसांत पुरावे द्यायचे असतात. एवढ्या वेळात कागद गोळा होत नाहीत, ते आधीच लॉटनिहाय जोडलेले लागतात. गाठीचं वजन, सुताचं वजन, कापडाचं वजन आणि कपड्यांची संख्या यांचा मेळ बसला पाहिजे. १०० किलो कापसातून कार्ड सुताचं ९८ किलो निघाल्याचं दाखवलं तर अनुभवी अधिकारी तिथेच थांबतो, कारण एवढी कमी घट प्रत्यक्षात होत नाही. कापूस कुठे पिकला याचा माग देणारी तंतूंची समस्थानिक चाचणी जोडीला उपयोगी पडते, पण एकटी पुरत नाही.

चीनमधल्या कर्मचाऱ्यांकडून 'आम्ही अमेरिकी कायदा पाळतो' अशा प्रतिज्ञापत्रावर सही घेऊ नका. शिक्षा त्या माणसाला होऊ शकते, आणि ही आमच्या मते सगळ्यात गंभीर बाब आहे. निर्णय मुख्यालयात घ्या, तिथेच सही करा. चीनमध्ये साठवलेली माहिती परदेशी न्यायालयाला किंवा तपास यंत्रणेला तिथल्या सरकारच्या परवानगीशिवाय देता येत नाही, असं १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेला डेटा सुरक्षा कायदा सांगतो. त्यामुळे व्यापाराचे रोजचे कागद माल निघतानाच शिपमेंटसोबत मुख्यालयाला यावेत. चौकशी सुरू झाल्यावर मागवायला गेलात तर तीच फाइल अडचणीची होते.

प्रश्न : मलेशियात बनणाऱ्या आमच्या उपकरणात अमेरिकी चिप आहे. चीनला विकताना अमेरिकी परवाना लागेल का?

तीन प्रश्न या क्रमानं विचारा. एक, नियंत्रित अमेरिकी भागांची किंमत विक्रीभावाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त आहे का? काही निर्बंधित देशांसाठी ही मर्यादा १० टक्के आहे, आणि काही प्रगत वस्तूंना मर्यादाच नाही. दोन, वस्तू अमेरिकी तंत्रज्ञानानं किंवा यंत्रांवर बनली म्हणून नियमात येते का? २०२० मध्ये चिनी हुआवेई कंपनीसाठी ही तरतूद कडक झाली आणि ७ ऑक्टोबर २०२२ ला प्रगत चिपांसाठी आणखी पसरली. तीन, घेणारा अमेरिकेच्या निर्बंधित यादीत आहे का?

हिशेबात होणारी चूक अशी: लोक सगळे अमेरिकी भाग बेरजेत घेतात. बेरजेत येतात ते त्या देशासाठी परवाना लागणारे भाग तेवढेच. उपकरण १,००० डॉलरचं, अमेरिकी भाग ३२० चे, पण त्यातले नियंत्रित १८० चे, तर प्रमाण १८ टक्के. भाव पाडून विकलंत तर तेच प्रमाण वाढतं. ८०० ला २२.५ टक्के, ७०० ला जवळपास २६. सवलत देणाऱ्या सेल्सच्या माणसाला हे माहीत असायला हवं.

यादीतल्या कंपनीची ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेली उपकंपनीही यादीत धरायची, असा नियम २९ सप्टेंबर २०२५ ला आला आणि १० नोव्हेंबरपासून वर्षभर स्थगित झाला. स्थगितीच्या काळात ग्राहकांचे भागधारक तपासून ठेवा. पत्ता, फोन आणि संचालक यादीतल्या कंपनीशी जुळतात का तेही पाहा.

प्रश्न : कंपनीचा चिनी भाग आणि बाहेरचा भाग पूर्ण वेगळे करावेत का?

वेगळे करण्याआधी शेवटची प्रक्रिया कुठे होते ते पाहा. नेदरलँड्समधली चिप बनवणारी नेक्सपेरिया ही चिनी विंगटेक कंपनीच्या मालकीची. ३० सप्टेंबर २०२५ ला डच सरकारनं तिच्या निर्णयांवर नियंत्रण आणलं, ४ ऑक्टोबरला चीननं तिच्या चीनमधून होणाऱ्या निर्यातीवर बंदी घातली. वेफर, म्हणजे चिप ज्यांवर घडतात त्या चकत्या, युरोपात बनत, पण बहुतांश चिपांचं पॅकेजिंग, म्हणजे त्या कवचात बसवणं, चीनमध्ये होई. चिप स्वस्त आणि साध्या, तरी होंडाला मेक्सिकोतला कारखाना थांबवावा लागला. नोव्हेंबरमध्ये डच आदेश स्थगित झाला, तरी कंपनीच्या दोन अंगांमधला पुरवठा सुरळीत झाला नाही. तुमच्याकडे तसं एखादं काम असेल, जसं प्लेटिंग, पॅकेजिंग किंवा कॅलिब्रेशन, तर त्याची दुसरी जागा आधी उभी करा आणि ग्राहकाकडून तिथले नमुने मंजूर करून घ्या. कायदेशीर विभागणी त्यानंतरची.

प्रश्न : शुल्क वाढण्याआधी माल आधीच नेऊन ठेवावा का?

गणित करा. १० लाख डॉलरचा माल तीन महिने आधी नेला, व्याज वर्षाला ८ टक्के आणि गोदाम महिन्याला १ टक्का धरलं, तर २०,००० अधिक ३०,००० असे ५०,००० डॉलर, म्हणजे ५ टक्के खर्च झाला. शुल्क १० बिंदूंनी वाढण्याची शक्यता निम्मी वाटत असेल, तर तुम्ही जेमतेम बरोबरीत आहात. मॉडेल बदलणारा माल असेल तर नेऊ नका.

शुल्क भरण्याआधी माल ठेवायच्या अमेरिकेत दोन जागा आहेत, बाँडेड गोदाम आणि परदेशी व्यापार क्षेत्र. त्यांत गफलत करू नका. बाँडेड गोदामात माल पाच वर्षांपर्यंत ठेवता येतो आणि शुल्क लागतं ते बाहेर काढण्याच्या दिवशीच्या दरानं. व्यापार क्षेत्रात विशेषाधिकारित परदेशी दर्जा घेतला, तर आत जाण्याच्या दिवसाचा दर गोठतो. एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरचे नवे दर १४५ टक्क्यांपर्यंत चढले आणि १४ मेपासून ३० वर उतरले. त्या पाच आठवड्यांत बाँडेड गोदामात थांबलेल्या मालाला उतरलेला दर मिळाला. व्यापार क्षेत्रात तो दर्जा घेऊन गेलेल्या मालाचा दर चढलेलाच राहिला. दर चढेल असं वाटत असेल तर दुसरा मार्ग, उतरेल असं वाटत असेल तर पहिला. पण शुल्काच्या आदेशात व्यापार क्षेत्रासाठी तो दर्जा सक्तीचा केला आहे का हे आधी वाचा, २०२५ मध्ये केला होता.

अमेरिकेत आणलेला माल पुढे दुसऱ्या देशात पाठवत असाल, तर आयातीपासून पाच वर्षांच्या आत ९९ टक्के शुल्क परत मागता येतं. कलम ३०१ च्या शुल्काला ही सोय आहे, पोलाद आणि ॲल्युमिनियमवरच्या कलम २३२ च्या शुल्काला नाही. त्यासाठी आयातीचा नोंद क्रमांक आणि निर्यातीचा लॉट जोडलेला हवा, म्हणून गोदामात माल उतरतानाच तो क्रमांक पॅलेटवर चिकटवा.